कोणाकडून आलं?

माझ्या आठवणीप्रमाणे, मुंबईत जनुकशास्त्र सामान्य माणसाच्या दारात आलं ते जाहिरातींतून. ऐंशीच्या दशकात लोकलचे डबे आणि स्टेशनाबाहेरच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांना त्या आठवत असतील. गर्भजल तपासून मुलगा की मुलगी ते सांगणारी क्लिनिकं तेव्हा उघड जाहिरात करत. ‘आज ५०० रुपये खर्च करा, उद्याचे ५०,००० वाचवा’ या धाटणीचं वाक्य तर कुप्रसिद्धच झालं. उद्याचे ५०,००० कशाचे, हे कोणाला विचारावं लागत नव्हतं.

तंत्र म्हणून ते सोपं नव्हतं. गर्भाभोवतीच्या पाण्यात गर्भाच्या पेशी असतात. त्या सुईने काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मांडायची आणि एकविसाव्या जोडीत एक जास्तीचं तर नाही ना, ते बघायचं. डाऊन सिंड्रोमसारख्या स्थितीच्या निदानासाठी ही कारागिरी उपयोगी होती. पण आमच्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात ती धड उतरायच्या आधी चाळीतल्या बायकांना ठाऊक झाली होती, कोणत्या स्टेशनाला उतरून कोणत्या गल्लीत वळायचं त्यासकट.

त्यामुळे ‘विज्ञान लोकांपर्यंत पोचत नाही हो’ असं कोणी व्यासपीठावरून हळहळलं की मी मनात म्हणते, पोचतं की! भलत्या हातून पोचतं, भलत्या कामाला लागतं, पण पोचायचं थांबत नाही. मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर, वकील यांनी नेट लावला तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. तो देशातला पहिला. केंद्राचा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. त्याच काळात शाळेच्या पुस्तकात आणि पोस्टरांवर दुसरी एक गोष्ट सांगितली जात होती, की मुलगा-मुलगी ठरतं ते पुरुषाकडून एक्स आलं की वाय त्यावर. ही गोष्ट आज दहावी झालेल्या कोणालाही पाठ आहे. आणि तरी बारशाहून परतताना रिक्षात ऐकू येतं, ‘तिला दुसरीही मुलगीच झाली.’ तिला.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि बोलावतील तिथे जनुकांवर बोलते. सोसायटीचा हॉल, ज्येष्ठ नागरिक कट्टा, गणपतीच्या दहा दिवसांतली एखादी संध्याकाळ, जानेवारीत महिला मंडळाचं हळदीकुंकू. आयोजक दरवेळी बाजूला घेऊन सांगतात, ‘मॅडम, जरा सोपं बोला हं, आपली माणसं साधी आहेत.’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात विषाणूंचं जिनोम सिक्वेन्सिंग करणारी प्रयोगशाळा सुरू झाली, आणि त्या वर्षाअखेरीला आमचा इस्त्रीवाला मला विचारत होता की ओमायक्रॉनमध्ये इतकी म्युटेशनं एकदम कुठून आली. हा चांगला प्रश्न आहे, तज्ज्ञांनाही छळणारा. गरज लागली की माणसं अवघड गोष्ट उचलतात, आणि साध्या माणसांना साधंच कळतं असं मानणाऱ्यांनी तेव्हाच्या गप्पा ऐकल्या नसाव्यात.

आणि जनुकांच्या बाबतीत तर आपली माणसं कोरी पाटी मुळीच नाहीत. माझ्या एका कार्यक्रमात मी प्रत्येकीला कागद देते आणि घराण्याची वंशवेल काढायला सांगते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, मुलांना उभी. जनुकीय समुपदेशक हेच काम करतात. कॉलेजातली पोरं तिसऱ्या पिढीत अडकतात. सत्तरीच्या आजी मात्र चुलत आत्याच्या नणंदेपर्यंत बिनचूक जातात, मामाची मुलगी केली असेल तर दोन रेघा कुठे जुळतात तेही न विचारता दाखवतात, आणि कोण कशाने गेलं ते वर लिहायला सांगतात. एवढी माहिती दवाखान्यात मिळवायला तास लागला असता.

फक्त त्या वंशवेलीत एक खोड जवळजवळ सगळीकडे दिसते. गोरा रंग, गणितातली हुशारी, घारे डोळे यांच्या रेघा सासरच्या बाजूने खाली येतात. आजार आला की रेघ सुनेच्या माहेराकडे वळते.

यावर येण्याआधी मजेचं थोडं सांगते, कारण मजाही खरीच असते. केळ्यातून डीएनए काढायचा प्रयोग मी कुठेही करते. पिकलेलं केळं कुस्करायचं, त्यात पाणी, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि मीठ घालून हलक्या हाताने ढवळायचं, गाळून पेल्यात घ्यायचं आणि वरून फ्रीजरमध्ये ठेवलेलं थंडगार स्पिरिट कडेकडेने सोडायचं. साबणाने पेशींची आवरणं फुटतात, मिठामुळे डीएनएचे रेणू एकमेकांना धरून राहतात, आणि स्पिरिटमध्ये तो विरघळत नसल्यामुळे दोन थरांच्या मधे पांढरट, शेंबडासारखे धागे वर येतात. हो, शेंबडासारखेच. एरवी पोस्टरांवरच्या निळ्या-जांभळ्या झळाळत्या शिड्या बघून लोकांना डीएनए म्हणजे काहीतरी काचेचं, परदेशी वाटत असतं. टूथपिकवर ते धागे उचलून दाखवले की हमखास कोणीतरी विचारतं, ‘म्हणजे हे आपण रोज खातो?’ रोज खातो. भाजीत, डाळीत, मासळीत. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाहेरचं जनुक घातलेल्या बीटी वांग्यावरची चर्चाही शहाणपणाने होते. मुळात वांग्यात जनुकं असतातच, प्रश्न त्यात कोणतं घातलं, कशासाठी आणि कोणाच्या फायद्यासाठी, एवढाच उरतो. उत्तर मी देत नाही. हॉलमध्ये दोन्ही बाजू असतात आणि भांडणं चांगली होतात.

दुसरा प्रयोग चवीचा. पीटीसी नावाचं रसायन लावलेल्या कागदाच्या पट्ट्या कॉलेजांना पुरवणाऱ्या दुकानांत मिळतात. जिभेवर ठेवली की काहींना जहर कडू लागते आणि काहींना नुसता कागद. १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाकडून ही पूड हवेत उडाली, शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून ओरडला आणि फॉक्सला स्वतःला काहीच लागेना, इथून हे सुरू झालं. पुढे २००३ मध्ये या फरकामागचं मुख्य जनुक सापडलं. हॉलमध्ये साधारण दहातली सात तोंडं वाकडी होतात आणि उरलेली तीन गोंधळून इकडेतिकडे बघतात. नवरा-बायको शेजारी बसलेले असले तर विचारायलाच नको. ‘तरीच! पन्नास वर्षं म्हणतायत, कोबी काय वाईट आहे!’ एका काकूंनी तिथल्या तिथे हिशेब चुकता केला. मला मधे पडून सांगावं लागलं की हा कागद म्हणजे स्वयंपाकाचा निकाल नव्हे, कारल्याचा कडूपणा तर वेगळ्याच रसायनांचा, आणि एका जनुकावर माणसाची सगळी आवडनिवड बसत नाही. काकूंनी ते ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही.

या शहराला चवीच्या जनुकांचा इतिहासही आहे, हे मी आवर्जून सांगते. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टीआयएफआर या संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे कुलाब्याच्या त्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्या घेऊन, त्यांतल्या चव आणि वास ओळखण्यात गफलत करणाऱ्या माश्या निवडून, ती गफलत कोणत्या जनुकामुळे होते याचा शोध घेतला. सिद्दिकींनी अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्याबरोबर अभ्यासलेल्या माश्या तर अजबच होत्या. तापमान चढलं की लुळ्या होऊन पडायच्या, गार झाल्या की उठून चालायला लागायच्या, कारण त्यांच्या मज्जातंतूंचं काम बिघडवणारा दोष ठरावीक तापमानालाच उघडा पडायचा. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मे महिन्यात विरार लोकलमध्ये आपलंही तेच होतं, असं एका सातवीतल्या मुलाने म्हटलं आणि हॉल माझ्या हातून गेला.

टीआयएफआरची मंडळी २००९ पासून ‘चाय अँड व्हाय?’ या नावाने जुहूच्या पृथ्वी थिएटरला, माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात लोकांशी गप्पा मारतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे. ही कामं मोठी आहेत आणि मी त्यांच्या खांद्यावर उभी आहे. पण रविवारी सकाळी उठून विज्ञान ऐकायला जुहूला पोचणारा माणूस आधीच निम्मा आपल्या बाजूचा असतो. मला जास्त कुतूहल आहे ते हळदीकुंकवाला वाण घ्यायला आलेल्या आणि माझं भाषण चुकवता न आलेल्या बाईचं. केळं, पट्टी, माश्या यांना ती हसते. मग कार्यक्रम संपतो, खुर्च्या रचायला सुरुवात होते, आणि ती पिशवीतून फाईल काढून माझ्याजवळ येते. खरं जनुकशास्त्र तिथे सुरू होतं.

मुलुंडच्या एका हॉलमध्ये अशाच एक बाई आल्या. नातीला थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा आनुवंशिक आजार. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातून साठत जाणारं लोह बाहेर काढायला रोज औषध. सून पुन्हा गरोदर होती. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र निर्धास्तपणा होता. ‘चारात एक असतं ना मॅडम? ते होऊन गेलं. आता पुढची तीन चांगली.’

त्यांनी हे कुठे पाहिलं असेल ते मला लगेच कळलं, कारण ते चित्र मीही वर्गात वापरत आलेय. वर आई आणि बाबा, दोघंही अर्धे रंगवलेले. खाली चार मुलं ओळीने उभी. एक कोरं, दोन अर्धी, एक पूर्ण लाल. जगभरच्या पत्रकांवर हेच चित्र असतं. ते बरोबर आहे आणि ते पाहणाऱ्याला चूक शिकवतं. कोणीही शहाणा माणूस त्यातून हेच वाचेल की चार मुलांत एक आजारी निघतं. चित्राला सांगायचं असतं ते असं, की दोघंही वाहक असतील, म्हणजे जनुकाची एक नादुरुस्त प्रत बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात, नव्याने, चारात एक शक्यता. पहिल्याचा हिशेब दुसऱ्याला लागत नाही. ओळीने उभ्या केलेल्या चार मुलांत हे ‘नव्याने’ दाखवायला जागाच नाही.

आता मी स्टीलचे दोन डबे नेते. आईच्या डब्यात एक लाल चिठ्ठी आणि एक पांढरी, बाबांच्या डब्यात तशाच दोन. दोघांना पुढे बोलावते. एकेक चिठ्ठी काढायची, मूल कसं झालं ते सगळ्यांनी मोठ्याने सांगायचं, आणि चिठ्ठ्या परत डब्यात टाकायच्या. सगळं शिक्षण त्या परत टाकण्यात आहे. कधी पाच वेळा लाल-लाल येतच नाही. कधी लागोपाठ दोनदा येतं आणि हॉलमधून ‘अगं बाई’ उठतं. त्या बाईंना मी हे खुर्च्यांच्या गराड्यात त्यांच्याच दोन रुमालांवर करून दाखवलं, आणि त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. गर्भाची तपासणी वेळेत करता येते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ती आपल्याला लागू आहे, हे माहीत नव्हतं.

पण चिठ्ठ्या काढून झाल्यावर जो प्रश्न येतो तो आकड्यांचा नसतोच. ‘कोणाकडून आलं?’ तो कधी सासू विचारते, कधी आत्या, आणि सर्वांत वाईट म्हणजे आई स्वतःला विचारत असते. थॅलेसेमियाच्या बाबतीत उत्तर निर्विवाद आहे. दोघांकडून. एका बाजूने आलं असतं तर मूल आजारीच पडलं नसतं. ‘पण आमच्याकडे कोणालाच नव्हतं हो!’ नव्हतंच, कारण वाहक माणूस धडधाकट असतो. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी, तांबड्या पेशी लहान, आणि त्यावरून अ‍ॅनिमिया समजून वर्षानुवर्षं घेतलेल्या लोहाच्या गोळ्या. हे मी फळ्यावर लिहून देते, आणि मग एक विलक्षण गोष्ट पाहते. बाईची तपासणी झालेली असते, नवऱ्याची नसते. ‘त्याला काय झालंय? चांगला जिमला जातो.’ वाहक ओळखायची एचबीएटूची तपासणी म्हणजे हातातून काढलेलं थोडं रक्त, पण तिने पुरुषाच्या नावापुढे ‘वाहक’ लागू शकतं, एवढ्यावर घरं अडतात.

इथे आणखी एक अडचण. आपल्याकडे लग्न ठरवताना रक्त बघायची पद्धत आहेच, फक्त चुकीचं रक्त. वधू-वर सूचीत रक्तगट छापतात. ‘दोघांचा बी पॉझिटिव्ह, मग कसं करायचं?’ म्हणून फोन येतात. त्यात एक नाडी म्हणजेच एक रक्तगट, असं ठामपणे सांगणारे भेटतात, आणि ही सांगड विज्ञानाच्या सुरात घातलेली असल्यामुळे शिकलेली घरंही तिला बळी पडतात. नवरा-बायकोचा रक्तगट एक असण्याने काहीही बिघडत नाही. लक्ष द्यायचं ते आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तिथे, आणि त्यालाही अँटी-डीचं इंजेक्शन आहे. लग्न मोडायचं काही कारण नाही. पण बी पॉझिटिव्हवरून स्थळ नाकारणारं घर थॅलेसेमियाची तपासणी सुचवली की म्हणतं, ‘मॅडम, असं पहिल्याच भेटीत कसं विचारायचं? बरं दिसत नाही.’

रक्तगटांचा विषय निघाला की मुंबईकर आपोआप ताठ होतो, कारण एका रक्तगटाला आपल्या शहराचं नाव आहे. त्याची गोष्ट मी पूर्ण सांगते, अर्धी सांगितली तर धोका आहे म्हणून.

१९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक टिपण छापलं. मुंबईत काही माणसांचं रक्त असं आढळलं होतं की तपासणीत ते ओ दिसे, पण त्याला ओ गटाचं रक्तही चालत नसे. लंडनच्या रक्तगटतज्ज्ञांची मदत घेऊन त्यांनी दाखवलं की हा वेगळाच प्रकार आहे. पुढे कळलं ते असं. तांबड्या पेशीवर एच नावाची एक खुंटी असते. तिच्यावर ए टांगला तर गट ए, बी टांगला तर बी, दोन्ही टांगले तर एबी, आणि खुंटी रिकामीच राहिली तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते, कारण ती बनवणारं जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही प्रती नादुरुस्त आलेलं असतं. त्यामुळे त्याचं शरीर रिकाम्या खुंटीलाही परकं समजतं आणि ओ रक्तावर तुटून पडतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. भारतात असा साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. त्या हिशेबाने एकट्या मुंबईत हजाराच्या वर माणसं निघतील, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कार्डावर आज नुसतं ‘ओ’ लिहिलेलं असेल. १९५७ मध्ये परळला रक्तगटांचं संदर्भ केंद्र निघालं, तेच पुढे केईएमच्या आवारातलं नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी झालं.

आता धोक्याचा भाग. खुंटी नसलेल्या माणसाच्या जनुकांत ए किंवा बी असू शकतो. टांगायला जागा नाही म्हणून दिसत नाही, एवढंच. पण मुलाला जोडीदाराकडून खुंटी मिळाली की तो बी तिथे उघड टांगला जातो. म्हणजे कागदोपत्री बाप ओ, आई ए, आणि मूल बी किंवा एबी. शाळेच्या पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे हे अशक्य आहे. त्या तक्त्यावरून घरात जो प्रश्न उभा राहतो तो बाईलाच विचारला जातो, हे वेगळं सांगायला नको.

‘घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहून आणा आणि तक्त्याशी ताडून बघा’ हा आमच्याकडचा लोकप्रिय गृहपाठ आहे. मुलांना तो आवडतो. विज्ञान स्वतःच्या घरात दिसतं, आणि विज्ञान रंजक कसं करावं याच्या कोणत्याही कार्यशाळेत त्याला शाबासकी मिळेल. मी तो देणं बंद केलंय. न जुळणारी वही दरवर्षी एखादी निघतेच. बहुतेक वेळा कारण फुटकळ असतं. रक्तदान शिबिरातल्या जुन्या कार्डावर चूक झालेली, नाहीतर वडिलांना आपला गट नक्की आठवतच नाही. क्वचित बॉम्बे गट. कधी मूल दत्तक असतं आणि त्याला अजून सांगितलेलं नसतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात मी असा तक्ता देते ज्याला अपवाद आहेत हे त्यावर कुठेच छापलेलं नाही, आणि त्याला सांगते की आता आई-वडिलांना तपास. हे सोपं करून सांगणं नव्हे. माझे सहकारी म्हणतात, मी फार ताणते. दहा हजारांत एकासाठी उरलेल्यांचा आनंद का घालवायचा? त्यांचंही चूक नाही, आणि स्टाफरूममध्ये हा वाद अजून चालू आहे. मी काल्पनिक कुटुंबं देते. मुलं कंटाळतात.

तरुण मुलांकडून अलीकडे वेगळाच प्रश्न येतो. ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये थुंकी पाठवायची आणि आपलं मूळ कुठलं ते टक्क्यांत मिळवायचं. ‘आमच्या समाजाचे जीन्स शुद्ध राहिलेत का?’ असं एका मुलाने भर सभेत विचारलं. त्याला मी मुंबईचीच गोष्ट सांगितली. १९४९ मध्ये एल. डी. सांघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी या शहरातल्या आपापसातच लग्नं करणाऱ्या सहा गटांत रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणं मोजून पाहिली होती. असा अभ्यास भारतात त्यानंतर पुष्कळ वाढला. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मांडलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले जवळजवळ सगळे समूह एकमेकांत मिसळत होते, आणि मग ते थांबलं. म्हणजे शुद्ध कोणीच नाही, उशिरा दार लावलेले सगळे. आणि दार लावल्याचा परिणाम म्हणजे तीच ती नादुरुस्त प्रत दोन्हीकडून मिळण्याची शक्यता वाढणं. मुलाने विचारलं, म्हणजे बाहेर लग्न केलेलं बरं? मागच्या रांगेतून कोणाच्या तरी वडिलांनी घसा खाकरला. मी म्हटलं, लग्न कोणाशी करायचं ते तुझं तू बघ, तपासणी मात्र दोघांनी करा.

हे सगळं बोलून झाल्यावर मला अलीकडे वाटायला लागलंय की मी चुकीच्या जागी ताकद लावतेय. जनुकशास्त्रावरचा मराठी माणसाने सर्वांत लक्ष देऊन वाचलेला मजकूर कोणता? कुठलाही लेख नाही, हा तर नाहीच नाही. तो असतो लॅबचा रिपोर्ट. घरातलं प्रत्येक जण तो हातात घेतं, उलटून मागची बाजू बघतं, फोटो काढून पुण्याच्या मामाला पाठवतं. आणि त्यावर काय असतं? एचबीएटू ५.४ टक्के, ठळक अक्षरात, पुढे बाण. खाली इंग्रजीत एक ओळ, की बीटा थॅलेसेमिया ट्रेट सूचित होतो, कुटुंबीयांची तपासणी करावी, डॉक्टरांशी संपर्क साधावा. ठळक अक्षर आणि बाण पाहिला की माणूस घाबरतो. ‘ट्रेट’ म्हणजे आजार नव्हे, हे सांगणारं त्या कागदावर कोणीही नाही.

ओळखीच्या एक पॅथॉलॉजिस्ट बाई छोटी लॅब चालवतात. त्यांना मी म्हटलं, अशा रिपोर्टला एक मराठी चिठ्ठी टाचूया, एका पानाची. त्या तयार झाल्या, आणि एका पानासाठी आमच्या किती शनिवार-दुपारी गेल्या विचारू नका. पहिलं वाक्य ‘तुम्हाला आजार नाही’ असावं, हा माझा हट्ट. डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्टवरून मी असं लिहून कशी देऊ, त्याला दुसरं काही असलं तर? शेवटी ‘या तपासणीत दिसलेली गोष्ट आजार नाही’ यावर तडजोड झाली. ‘लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू ठेवू नका’ हे त्यांनी घातलं, मला सुचलंच नसतं. जोडीदाराची तपासणी या ओळीत मी ‘पतीची’ लिहिलं होतं, त्यांनी लाल पेनाने ‘जोडीदाराची’ केलं आणि वर म्हणाल्या, अर्धे रिपोर्ट पुरुषांचे असतात. ‘हे आई आणि वडील यांपैकी कोणाही एकाकडून आलेलं असू शकतं, यात कोणाचाही दोष नाही’ हे वाक्य त्यांना वैद्यकीय वाटत नव्हतं. ते राहिलं, पण शेवटून दुसरं.

हिंदी मसुदा झालाय. गुजराती मसुदा कांदिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलाय, कारण त्या लॅबमध्ये येणारे बरेच रुग्ण कच्छी. त्यांनी पहिल्याच दिवशी फोन केला. भाषेचं ठीक आहे म्हणाल्या, पण भावंडांची ओळ इतकी खाली का? आमच्याकडे कागद आला की आधी ज्याचा आला त्याचा विचार होत नाही. धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं असतं, कार्डं छापायला गेलेली असतात, आणि सगळं घर ठरवतं की हा कागद कार्य होईपर्यंत कपाटात राहू दे. तुम्ही ‘सख्ख्या भावंडांनी लग्नाआधी तपासून घ्यावं’ हे वर, पहिल्या तीन ओळींत टाका. डॉक्टरांचं म्हणणं, वरच टाकलं तर रिपोर्ट कपाटातून बाहेरच येणार नाही. येत्या शनिवारी तिघी बसणार आहोत.